परक्या कपाटातली मापं

टेलरबाई तीस वर्षं बायकांचे कपडे शिवत होत्या, पण कोणाची कंबर किती वाढली हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मापाच्या वहीत आकड्यांऐवजी त्यांच्याच खुणा, आणि वही कायम कुलपात. "माप म्हणजे माणसाची अब्रू," त्या म्हणत.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! याच बाईंनी पंधरा वर्षांच्या लेकीच्या फोनवर पाळतीचं ॲप बसवलं. ती संध्याकाळी पोहायला जाते, म्हणून काळजी. ती कुठे आहे, कोणते फोटो काढते, सगळं आईला दुकानात बसून दिसायचं. लेकीने अबोला धरला. "तुझ्या भल्यासाठीच," म्हणत बाई मशीन चालवत राहिल्या.

एक दिवस ट्रायलला आलेल्या शिक्षिकेने आपला फोन पुढे केला. तिनेही मुलासाठी तेच ॲप घेतलं होतं. "अहो, माझ्या फोनवर तुमची मुलगी कशी काय दिसतेय?" पडद्यावर तलावापासून घरापर्यंतची लेकीची रोजची वाट आणि ओल्या केसांचे तिचे फोटो. बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. शिक्षिका भली, पण आणखी कोणाकोणाला दिसत असेल?

त्यांनी तडक लेकीच्या फोनवरून ॲप काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी शिक्षिका हजर. "अजून दिसतेय हो!"

बाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड. "ॲप काढलंत ना ताई? मग काळजी सोडा. जुना डेटा आमच्या क्लाउडवर सुरक्षित आहे."

"क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं कपाटच ना? झगा फाडला म्हणून वहीतलं माप जातं का? आधी ते पुसा!"

"तशी सोय नाही, ताई."

बाईंचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून ट्रायलला आलेल्या प्रत्येक आईच्या अंगावर टाचण्या लावून झाल्या की त्या हा विषय काढत. टाचण्या लावलेली बाई पळणार कुठे? आपल्याही फोनवरच्या त्याच ॲपमध्ये परकीच पोरं दिसल्यावर कितीजणींचे चेहरे उतरले. तीन आठवड्यांत एकेचाळीस आयांच्या सह्यांचं पत्र कंपनीला गेलं, आणि एक प्रत वर्तमानपत्राला. बातमी छापून आली त्याच दुपारी गोड माणसाचा आपणहून फोन आला. सगळ्यांचा डेटा पुसला म्हणे. बाईंनी ते लेखी घेतलं, वर प्रत्येकीच्या फोनवरचं ॲप उघडून बघितलं. सगळीकडे कोरं! दुकानात असा जल्लोष झाला की शेजारचा चप्पलवाला धावत आला.

घरी येऊन बाईंनी वहीतलं लेकीच्या मापाचं पान फाडून तिच्या हातात ठेवलं.

"चुकले गं मी. हे तुझं. यापुढे विचारल्याशिवाय काही घेणार नाही."

लेकीने पान उलटसुलट करून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. "हे जुनं झालं, आई. पोहून खांदे रुंद झालेत माझे. नव्याने घे."

आणि दोन्ही हात पसरून ती आईपुढे उभी राहिली.