मी आवळलेलं चाक

लॉरीचं चाक कसं बदलायचं, हे मी फौजेत कितीतरी पोरांना शिकवलं. किसन ढमालेची गोष्ट मात्र त्यांच्यापैकी कुणाला सांगितली नाही. घरातही नाही. विषय निघाला की मी उठून जायचो. आता वय झालं. झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

चीनशी लढाई झाली, त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमची कंपनी मुळशी धरणावर पूल बांधायच्या सरावाला आली होती. मी मोटार विभागाचा हवालदार. गाड्या शिकवायचो म्हणून पोरं उस्ताद म्हणत. लान्स नाईक किसन ढमाले माझ्या थ्री-टनर लॉरीचा ड्रायव्हर. त्याचं गाव धरणाच्याच काठी. वडील भातशेती करायचे.

सी.ओ. साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. इन्स्पेक्शन आलं की आमच्याकडे वाटेवरच्या दगडांनाही चुना लागायचा. मी चाकांचे सगळे नट लाल केले. स्टेपनीला हिरव्या रंगाचे जाड हात दिले. चाकाची जी बाजू हबवर, म्हणजे आसाच्या तोंडावर टेकते, तिला रंग लावायचा नसतो. मध्ये रंग राहिला की चालताना तो दबतो आणि घट्ट वाटलेले नट ढिले पडतात. हे मीच शिकवायचो. पण टांगलेल्या स्टेपनीची नेमकी तीच बाजू समोर दिसत होती. मी तीही रंगवली.

किसन म्हणाला, "उस्ताद, चाक हाय का बाशिंग बांधलेला नवरदेव?"

"तू गाडी धू."

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी पौडहून अकरा जवान घेऊन आम्ही कॅम्पकडे निघालो. वाटेत पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पुढच्या जीपमधून कॅप्टनसाहेब ओरडले, "हवालदार, और कितना टाइम?"

"दस मिनट, साब."

जॅक किसननं लावला. स्टेपनीचं चाक मी चढवलं. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, गाडी खाली उतरवून पुन्हा आवळले. इथपर्यंत नियमानं केलं. फक्त लाल रंग खरवडू नये म्हणून नट आणि पाना यांच्यामध्ये फडकं धरलं. त्यामुळे पाना पुरता बसत नव्हता.

थोडं अंतर गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळायचे असतात. किसननं गाडी हळू केली. "उस्ताद, फिरून पाना मारायचा न्हवं?"

"रंग जाईल. मी आवळलंय."

"मंग काय! तुमी आवळलंय म्हंजी देवानंच आवळलंय." तो हसला आणि त्यानं गिअर टाकला.

धरणाकडे उतार लागला. डावीकडे खोल दरी, तळाशी पाणी. उजवीकडे डोंगर.

"उस्ताद, स्टिअरिंग हाताला थरथरतंया."

"रस्ता खराब आहे. चल."

मग मला एक चाक दिसलं. हिरवं, नवंकोरं. ते आमच्या पुढे एकटंच पळत होतं. वळणावर ते वळलं नाही. सरळ गेलं आणि हवेत दिसेनासं झालं. गाडीचा डावा कोपरा खाली बसला. गाडी दरीकडे ओढली जाऊ लागली.

पुढचं मी शेजारी बसून पाहिलं, तरी एवढ्या वर्षांत मला ते पुरतं कळलेलं नाही. अशा वेळी माणसाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. ब्रेक दाबला असता तर गाडी आणखी डावीकडे गेली असती. किसनचा पाय गेला नाही. उघडा हब खडीत नांगरासारखा घुसत होता, ठिणग्या माझ्या दारापर्यंत येत होत्या. त्यानं छाती स्टिअरिंगवर टाकली आणि ते तसूतसूनं उजवीकडे आणलं. चेहरा शांत होता. भाताच्या खाचरात बैल वळवणाऱ्या माणसाचा असतो तसा. उजवीकडे डोंगर होता आणि ड्रायव्हरची बाजूही उजवीच. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"उस्ताद, घट धरा," एवढंच तो म्हणाला.

त्यानं आपली बाजू खडकावर घातली. गाडी थांबली. मागचे अकराही जवान आपल्या पायांनी उतरले. मला खरचटलं होतं. किसन स्टिअरिंग आणि खडक यांच्यामध्ये होता. त्याला बाहेर काढेपर्यंत तो गेला होता. खाली धरणाचं पाणी जराही हलत नव्हतं. 

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं, "शेवटचा पाना कुणी मारला?"

मी म्हणालो, "ड्रायव्हरने."

तसंच नोंदलं गेलं. निष्काळजीपणा. त्यानं गाडी कशी थांबवली, याबद्दल एक ओळही नाही.

त्याची पेटी घेऊन मीच गावी गेलो. त्याच्या वडिलांनी मला घोंगडीवर बसवलं. मग विचारलं, "हवालदारसाब, नट त्येनंच ढिलं ठिवलं, म्हणत्यात. औताची दोरी बी दोनदा वढून बघायचा आमचा किसन. खरं हाय व्हय?"

मी म्हणालो, "व्हय, बाबा."

 ते म्हणाले, "लांबनं आलायसा. चार घास खाऊन जा." मी जेवलो.

पेन्शनीत आल्यावर दोनदा त्या गावच्या फाट्यावर उतरलो आणि परतीच्या गाडीनं माघारी आलो. तिसऱ्यांदा घरापर्यंत पोचलो, तेव्हा बाबा हयात नव्हते. उंबऱ्याशी उभं राहून त्यांना जे सांगायचं होतं, ते एवढंच: बाबा, चाक मी बसवलं. नट मी आवळले. तुमचा किसन थांबूया म्हणत होता, मी थांबू दिलं नाही. आम्ही बाराजण त्याच्यामुळे जगलो आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.