मास्तरांचं तोंड दिसणारा व्हिडिओ

मंडळी, आज रामनगरच्या लग्नात कोण कोण होतं? हात जोडतो, जरा आपापला मोबाईल उघडून बघा.

आमच्या बँडच्या मास्तरांनी आज शेवटचं वाजवून घेतलं. गुडघे चालेनात, म्हणून दुपारच्या बसनं ते बेळगावला लेकाकडं गेले. कायमचे.

मास्तर वाजवताना कधी बोलायचे न्हाईत. आमच्याकडं तोंड, लोकांकडं पाठ. भुवई वर गेली की चाल बदलायची, हनुवटी खाली आली की थांबायचं. तीस वर्षं मी ढोल वाजवतोय, पण मात्रा कधी मोजल्या न्हाईत. कुणीच मोजल्या न्हाईत. बघायला मास्तर होते की!

बस गेल्यावर आम्ही एक चाल वाजवून बघायची ठरवली. सगळ्यांनी वाद्यं उचलली आणि त्यांच्या रिकाम्या जागेकडं बघत उभे राहिलो. सुरुवातच होईना.

मग ग्रुपवर आलेले व्हिडिओ बघितले. वाजलंय झकास. पण सगळ्यांत मास्तरांची पाठच!

न राहवून त्यांना फोन लावला. "मास्तर, भुवई नेमकी कधी वर करता हो?"

"मला कुठं ठाऊक, बाबा? तुमची तोंडं बघितली की आपोआप जातीया वर."

परवा जगलबेटच्या लग्नाची सुपारी घेतलीय. आमच्या बाजूनं, म्हणजे ढोलामागून, कुणी व्हिडिओ काढलाय का? दोन सेकंदांचा असला तरी पाठवा.

आवाज नसला तरी चालंल.