गाडी बॅक मारते

आमचा ट्रक एकच, तोही म्हातारा. आनंदनगरच्या एका कारखान्यातून माल भरायचा, उल्हासनगर-बदलापूरच्या दुकानांत उतरवायचा. चालवायला मामा. नात्याचे नव्हेत, पण ट्रक माझ्यापेक्षा त्यांचंच ऐकतो.

मध्यंतरी मामांनी धोशा लावला, "शेठ, गाडी बॅक मारते."

मला वाटलं, रिव्हर्स घेताना काहीतरी लोचा होतोय. मी तत्परतेने रिव्हर्स हॉर्न बसवून दिला, आरतीच्या चालीचा. मामांनी हॉर्नकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, भारावले.

मग एके दिवशी बदलापूरच्या चढावर भरलेला ट्रक धूर ओकत बसला. ओढत उल्हासनगरच्या गॅरेजात नेला. मिस्त्रीने चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचलं आणि उडून खाली पडलं.

"साईं, कितना बॅक मार रहा है!"

म्हणजे इंजिनाचा दाब पिस्टनच्या कडेने निसटून उलटा फिरत होता.

"मी दुसरं काय सांगत होतो?" मामा म्हणाले. "शेठनी आरती लावून दिली."

आता पिस्टनच्या नुसत्या रिंगा बदलल्या तर गाडी लगेच रस्त्यावर, पण भरवसा नाही. इंजिन उतरवून पूर्ण बांधायचं तर महिनाभर ट्रक आडवा, आणि कारखान्याच्या गेटवर तोवर दुसऱ्याची गाडी लागणार. मी रिंगा म्हणताच मामांनी चावी पुढे केली.

"मग ही तुम्हीच ठेवा. त्या चढावर माझ्या मागे शाळेची बस होती."

घरी माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. बायको म्हणाली, "अहो, ट्रक बंद आहे ना? मग तुम्ही कशाला धावताय?" सकाळी मिस्त्रीला फोन करायचो, रिंगा टाका. दुपारी, थांबा जरा. शेवटी तोच वैतागला, "साईं, गाडी से ज़्यादा तो आप बॅक मार रहे हो!"

म्हटलं, आपणच चालवून बघू. रिकाम्या ट्रकला काय होतंय? गॅरेजातून ट्रक काढला, मामांना शेजारी बसवलं आणि त्याच चढावर गेलो. अर्ध्यात इंजिनने मान टाकली. ट्रक मागे सरकायला लागला. मी ब्रेक दाबला, घाबरून रिव्हर्स टाकला आणि आरती सुरू झाली. मागच्या रिक्षावाल्याने हात जोडले. देवाला की मला, कोण जाणे. मामांनी शांतपणे हँडब्रेक ओढला.

"रिकामी आहे म्हणून थांबली," ते म्हणाले.

तिथूनच मी मिस्त्रीला फोन लावला, "पूर्ण बांधा." दुसरा कारखान्याला. तिकडचे साहेब नुसतं "बघू" म्हणाले. त्या "बघू"ने अजून झोप लागत नाही.

इंजिन उतरलं तेव्हा मामा हजर होते. चावी पुन्हा त्यांच्याच खिशात होती. मी मिस्त्रीला म्हटलं, तो हॉर्न तेवढा काढून टाका.

"राहू दे," मामा म्हणाले. "शेठ मागे फिरले तर मला ऐकू यायला पाहिजे."