जावयाला कसं विचारायचं

माझी थोरली बहीण नर्स. खरं तर अख्खा दवाखाना तीच, डॉक्टर यायचे ते पाहुण्यासारखे. बाळाला सुई टोचावी तर ताईनेच, पोर रडायचंच विसरायचं. जखम धुणं असो की म्हाताऱ्यांची कुरकुर ऐकणं असो, तिचा हात कुणी धरू शकत नसे.

पण एखाद्या बाईने 'खाली त्रास होतोय' म्हटलं की ताईची नजर भिंतीवर. गोळ्या द्यायच्या, 'पाणी भरपूर पी' म्हणायचं आणि पुढचीला आत घ्यायचं. ती शिकत होती तेव्हा तो धडा बाईंनी 'घरी वाचा' म्हणून उरकला होता. पुढे तिने वरच्यांकडे कितीदा तरी प्रशिक्षण मागितलं. उत्तर ठरलेलं, "सिस्टर, तुम्ही इतक्या जुन्या, तुम्हाला आम्ही काय शिकवणार?" आणि तेही कौतुक केल्यासारखं म्हणायचे, मेले.

लग्नानंतर माझी लेक हीच तक्रार घेऊन तिच्याकडे गेली. घरात नर्स असताना बाहेर बोभाटा कशाला? ताईने गोळ्या दिल्या, लेकीला बरं वाटलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा बरं, पुन्हा दुखणं. जावई बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असायचा. ताई त्याला चहा विचारायची, बाकी काही नाही. ती पडली मावससासू. जावयाला असलं काही विचारायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय हे औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

एके दुपारी लेक ओट्यापाशी पोट धरून खाली बसली. मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, संसर्ग नवऱ्याकडून पुन्हा पुन्हा येत राहिला, आत पसरत गेला, गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या गेल्या, आता मूल राहणं अवघड. मग त्यांनी विचारलं, "नवऱ्याला औषध दिलंच नाही का कुणी?" ताई कामावरून तशीच धावत आली होती, गणवेशात.

त्यानंतर आलं प्रशिक्षण. वरातीमागून घोडं! ताई जाऊन आली ती थेट आमच्याकडे, आणि चपलांसकट खुर्चीत बसली.

"पहिल्याच तासाला सांगितलं गं," ती म्हणाली. "जोडीदारालाही बोलवा. कसं विचारायचं तेही करून दाखवलं. एवढं सोपं होतं."

मी काही गप्प बसणारी बाई नाही. तिला फाडून खायचं मी केव्हापासून ठरवून ठेवलं होतं. पण तिचा चेहरा बघून माझंच काळीज तुटलं.

लेक आतून आली, तिच्याजवळ बसली.

"मावशी, त्यालाही त्रास होता. मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या तोंडून निघत नव्हतं. दर वेळी वाटायचं, आज तू विचारशील."