भुरीची चंदी

आप्पांचं सगळं आयुष्य पागेत गेलं. शहराच्या कडेला घोडेस्वारी शिकवायचं मैदान होतं, त्याला लागून पत्र्याच्या छपराची लांबट पागा, आणि पागेच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे एखादा घोडा खोकला तरी आप्पा हातातला घास ताटात ठेवून उठत. त्यांची बायको म्हणायची, "मी तापानं फणफणले तरी यांना दुसऱ्या दिवशी कळतं. घोडा नुसता शिंकू दे, लगेच चपला पायात." आप्पा म्हणत, "तू बोलून दाखवतेस की. तो कुठे बोलतो?"

आप्पांच्या पागेत आजारपण सहसा शिरत नसे, आणि त्यात दैवाचा भाग थोडाच होता. आधी पाणी, मग गवत, आणि चंदी, म्हणजे भरडलेले जव आणि कोंडा, सगळ्यात शेवटी. तीही मापून, थोडी थोडी. दौडून आलेल्या घोड्याला त्याचा श्वास बसेपर्यंत हळूहळू फिरवायचं, तोवर दाणा नाही. नवा घोडा आला की त्याला पार टोकाचं ठाण, वेगळी बादली, अंग घासायला वेगळा खरारा. नाक वाहत नाही, अंगात ताप नाही, याची खात्री पटल्याशिवाय तो इतरांत यायचा नाही. संध्याकाळी प्रत्येक खूर उचलून खडे, चिखल काढायचा आणि तळव्याला हात लावून बघायचं. शिकायला येणाऱ्यांना ते सांगत, "एवढं मोठं जनावर दिसतं, पण आहे सगळं नाजूक पोट आणि चार नखं."

हे सगळं त्यांच्या लेकीनं बघत बघत उचललं. आई गेल्यावर मैदानावरचं शिकवणं तिनं हातात घेतलं. लग्नाचं कोणी काढलं की ती म्हणायची, "पागेत नांदायला कोण येणार?" आणि विषय तिथेच संपायचा.

आप्पांचं विसरणं सुरू झालं तेव्हा आधी दोघांनाही हसू यायचं. लगाम स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आणि चहाची गाळणी खराऱ्यांच्या डब्यात सापडायची. पुढे ते लेकीला आक्का म्हणू लागले. आक्का त्यांची थोरली बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. लेक ओ देत राहिली. एकदा ती मैदानावरून आली तर आप्पा भरलेल्या बादलीत नळाचं पाणी सोडून उभे होते, पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं आणि ते शांतपणे बघत होते. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

तेव्हापासून ती त्यांच्या मागोमाग फिरून सगळं तपासायची. पण चंदीच्या खोलीला कुलूप घालणं तिच्या जिवावर आलं. ज्यांनी तिच्या हातात पहिल्यांदा माप दिलं, त्यांच्याच हातातून ते काढून कसं घ्यायचं? आज बघू, उद्या बघू, असं चाललं होतं.

पागेत भुरी नावाची म्हातारी घोडी होती. गरीब गाय म्हणावी अशी. मैदानावर आलेली निम्मी माणसं तिच्याच पाठीवर बसायला शिकलेली. एके दुपारी लेक मैदानावर नवशिक्यांना शिकवत होती आणि भुरी ठाणात विश्रांतीला होती. लेक परत आली तेव्हा गव्हाणीशेजारी माप पडलेलं होतं. सकाळी गच्च असलेलं पोतं अर्ध्यावर बसलं होतं, आणि भुरीचं तोंड पिठानं माखलेलं होतं. काय झालं ते तिला लगेच कळलं. आप्पांनी चंदी घातली होती, हात धुऊन आले होते, गव्हाण रिकामी बघून घोडी उपाशी आहे असं त्यांना वाटलं होतं, आणि हे किती वेळा झालं कोण जाणे. आप्पा घरात खाटेवर गाढ झोपले होते.

तिनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं, इंजेक्शन दिलं, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगितले.

"पोटाचं निभावेल," ते म्हणाले. "मला भीती खुरांची आहे. दाणा जास्त झाला की त्रास खाली उतरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. लेकीच्या आधी आप्पाच तिच्यापाशी पोहोचले होते. दुखरे गुडघे वाकवून ते खाली बसले, खुरावर तळवा ठेवला, वरच्या सांध्यामागे बोटांनी नाडी बघितली.

"खूर तापलेत. नाडी उडतेय. हिला चंदी जास्त झालीये." त्यांनी मान वळवली. "कोणी घातली?"

लेक बर्फाची बादली घेऊन उभी होती.

"माझ्याकडून झालं, आप्पा."

"तुझ्याकडून?" आप्पांचा आवाज चढला. "परक्यानं केलं असतं तर समजलो असतो. पोरी, तुला कळू नये? मुक्या जनावराच्या जिवाशी खेळ आहे हा." बराच वेळ ते बोलत राहिले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग त्यांनीच हात पुढे केला. "बघत काय उभी राहिलीस? आण ती बादली इकडे."

पुढचे दिवस असेच गेले. आप्पा रोज सकाळी पागेत येत, त्यांना भुरीचं दुखणं नव्यानं दिसे, आणि ते नव्यानं विचारत, कोणी घातली. ती रोज तेच उत्तर देई आणि रोज बोलणी खाई. एकदा डॉक्टरांच्या कानावर हे पडलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ताई, रोज का ऐकून घेता?"

"खरं सांगितलं तर ते त्यांना रोज नव्यानं कळेल," ती म्हणाली.

भुरीसाठी ठाणात मऊ वाळू टाकली, खुरांना जाड कापसाच्या गाद्या बांधल्या. तरी ती आडवीच राहू लागली, कुशीला जखमा झाल्या. खुराचा एक्स-रे काढला तेव्हा आतलं हाड तळव्याकडे कललेलं दिसलं. आता तिला यातनांतून सोडवलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले. लेकीनं थोडं थांबू या म्हणून विनवलं. पण मग तिनं भुरीला पाण्यासाठी उठायची धडपड करताना पाहिलं, आणि स्वतःच डॉक्टरांना फोन केला.

त्या दिवशी आप्पा अगदी भानावर होते. काय चाललंय हे त्यांना सांगावं लागलं नाही. भुरीचं डोकं मांडीवर घेऊन ते बसले, तिच्या डोळ्यावर हात धरला आणि तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. सगळं संपल्यावरही बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही. मग म्हणाले, "बाकीच्यांना पाणी दाखव. सकाळपासून खोळंबलेत बिचारे."

चंदीच्या खोलीला कुलूप लागलं. भुरी कुठे आहे, असं आप्पा विचारायचे. सुरुवातीला लेकीनं खरं सांगितलं, तर ते प्रत्येक वेळी त्याच क्षणी ऐकल्यासारखे कोसळले. मग ती मैदानावर गेलीये म्हणू लागली.

एका दुपारी ती खोगीर पुसत होती. आप्पा पागेसमोरच्या ओट्यावर बसले होते. अचानक त्यांनी विचारलं, "भुरीला मीच घातली ना गं?"

तिचा हात थांबला. "नाही आप्पा. मी म्हटलं ना, माझ्याकडून..."

"तू असं करणार नाहीस," ते म्हणाले. "तुला मी शिकवलंय."

तिनं खोगीर खाली ठेवलं. ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. त्यांनी तिचा खांदा थोपटला, जसा बुजलेल्या घोड्याचा थोपटत तसा.

संध्याकाळपर्यंत ते हे बोलणं विसरले असावेत, कारण पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण त्यानंतर आप्पा ठाणांच्या आत गेले नाहीत. वर्षभरानं ते वारले, तोवर रोज ओट्यावर येऊन बसत. एखाद्या घोड्यानं त्यांच्याकडे मान लांबवली की ते दोन्ही हात मांडीखाली सारत आणि लेकीला हाक मारत, "अगं, याला काय हवंय बघ. तूच घाल, माझ्याकडे देऊ नकोस."