मास्तरांचा क्रूझ लागत नाही

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी जन्मभर लोकांना गाडी शिकवली. गावातला डॉक्टर, बँकेचा मॅनेजर, दोन वकील, झालंच तर पोलीस ठाण्याचे मोठे साहेब, सगळे कधी ना कधी त्यांच्या शेजारी घाम पुसत बसलेले. मास्तरांच्या हातात लाकडी पट्टी असायची. कोणी गरज नसताना क्लचवर पाय टेकवून बसला, की ती पट्टी खाडकन त्याच्या गुडघ्यावर यायची आणि पाठोपाठ आवाज यायचा, "क्लच म्हणजे पायपुसणं नाही!" पोलीस साहेबांनीसुद्धा ही पट्टी खाल्ली होती आणि वर सॉरी म्हटलं होतं.

इतक्या लोकांना शिकवलं, पण घरच्या बाईला मात्र त्यांनी शिकवलं नाही. म्हणजे सुरुवात केली होती. दुसऱ्याच दिवशी ते तिच्यावर असे काही खेकसले की मास्तरीणबाईंनी गाडी भर रस्त्यात उभी केली, दार उघडं टाकलं आणि तरातरा चालत घर गाठलं. मागे वाहनांची ही रांग. "हिला जमायचं नाही," असा निकाल मास्तरांनी त्या दिवशी दिला, आणि त्यांचे निकाल फिरत नसत.

शिकवणं बंद केल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक मोठी गाडी घेतली. सात जण बसतील अशी, उंच, क्लच नसलेली. त्या गाडीत क्रूझ कंट्रोल होता. मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग ठरवून बटण दाबलं की गाडी त्याच वेगाने आपली आपण चालते, पाय नुसते ठेवायचे. माणसांच्या पायांवर मास्तरांचा कधीच विश्वास नव्हता. या बटणावर मात्र जडला. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना महामार्गावर नेऊन क्रूझ दाखवला जाई. पाहुणे बिचारे "वा, वा" म्हणत. न म्हणून सांगतात कोणाला?

गाडी म्हातारी झाली तशी सीटची कापडं विटली, मागच्या दाराला कुरकुर लागली, पण इंजिन ठणठणीत होतं. आणि मग या वर्षी काय झालं कोण जाणे, क्रूझ लागेना. बटण दाबावं तर हिरवा दिवा लुकलुकून विझे. कधी लागलाच तर मिनिटभरात सुटे. चढावर तर गाडीला धाप लागायची. मास्तर पाय दाबताहेत, इंजिन नुसतंच हूं हूं करतंय, आणि मागून एखादा रिक्षावाला भोंगा वाजवत पुढे निघून जातोय. रिक्षा पुढे गेली त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत.

गाडी बिघडली की गावात जाणकारांचा सुकाळ होतो. ज्यांना चाकात हवा भरता येत नाही ते इंजिनाबद्दल बोलू लागतात. शेजारच्याने पेट्रोलात भेसळ सांगितली. पलीकडच्या दुकानदाराने सांगितलं, "मास्तर, तुमचे मागचे लाल दिवे सारखे पेटलेले असतात हो." मास्तरांनी वायरमन बोलावून दिवे बदलून घेतले. नवे दिवे जास्तच लखलखीत पेटलेले राहू लागले.

गॅरेजवाल्याला सगळे 'ओके' म्हणत, कारण त्याच्या तोंडी दुसरा शब्द नसे. त्याने एअर फिल्टर बदलला. मग कुठलासा सेन्सर बदलला. मग ब्रेकचे पॅड बदलले, कारण ते झिजून पापड झाले होते. दर वेळी तो स्वतः गाडी फिरवून आणी आणि म्हणे, "एकदम ओके. क्रूझ पण लागला. पळते बघा घोड्यासारखी."

"मग माझ्याच हातात का मरते?" मास्तर विचारत.

"वय झालंय मास्तर. कधी चालते, कधी नाही. या वयात असंच व्हायचं. आता जास्त ताण द्यायचा नाही, जवळपास फिरवायची आणि चांगलं गिऱ्हाईक बघून मोकळं व्हायचं."

"वय झालं म्हणून काय फेकून द्यायचं?" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की गॅरेजमधले दोघे-तिघे वळून बघायला लागले. ओके गाडीबद्दलच बोलत होता. मास्तरही गाडीबद्दलच बोलत होते. निदान त्यांचा तरी तसा समज होता.

त्यांच्या तब्येतीचं म्हणाल तर त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरने, म्हणजे त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याने, मागे एकदा तळपायाला पिन लावून विचारलं होतं, "कळतंय का?" मास्तर म्हणाले, "सगळं कळतंय. तू आधी रिव्हर्स नीट घ्यायला शीक." एकदा तर ते डाव्या पायातली चप्पल रस्त्यातच सोडून घरी आले. बाईंनी दारातच विचारलं, "अहो, दुसरी कुठेय?" मास्तरांनी पायाकडे बघितलं, दचकले, आणि म्हणाले, "या कंपनीच्या चपला अलीकडे फार सैल यायला लागल्यात." चप्पल कंपनीला बोल लागला आणि विषय संपला.

खरी गोष्ट त्यांना कळली ती इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. संध्याकाळी त्यांनी गाडी मागे घेऊन भिंतीशी लावली, गिअर पार्कमध्ये टाकला, उजवा पाय बाजूला घेतला आणि सहज आरशात बघितलं. मागची पांढरी भिंत लालभडक दिसत होती. गाडी थांबलेली, ब्रेकवर पाय नाही, मग दिवे का पेटलेत? वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते खाली वाकले आणि त्यांना दिसलं की ब्रेकवर पाय होता. डावा. त्यांचाच.

त्यांनी हाताने गुडघा धरून तो पाय उचलला. भिंत पांढरी झाली. पुन्हा ठेवला. भिंत लाल झाली. डोळे मिटून ठेवला, तर ठेवलाय की नाही हे त्यांना कळेना.

म्हणजे घोळ असा होता: उभ्या आयुष्याची क्लचची सवय असलेला डावा पाय, आता काही जाणवेनासं झाल्यावर, आपला आपण सरकून ब्रेकवर जाऊन बसत होता. ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटतो, हे मास्तर पाहुण्यांना स्वतः सांगत असत. आणि दोन्ही पायांनी दोन्हीकडे दाबलं, की अशा गाड्या इंजिनाचा जोर आपणहून काढून घेतात. गाडी इतके महिने अगदी शहाण्यासारखी वागत होती. मास्तर तिला रोज चालवत होते आणि रोज थांबवत होते.

त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी भीती. हे कोणाला सांगितलं की किल्ली जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग 'मास्तर आता गाडी चालवत नाहीत' हे वाक्य गावभर फिरणार. ज्यांच्या गुडघ्यावर पट्ट्या मारल्या ते सगळे फार प्रेमाने विचारणार, "कुठे सोडू का, मास्तर?" त्या प्रेमाचा त्यांना आताच संताप आला. त्यांनी ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. वर जाऊन त्यांनी बाईंना सांगितलं, "तो ओके अगदीच बिनडोक आहे. बिघाड मीच शोधून काढला. आता गाडी बघ कशी पळते ती."

मास्तरांची मुलगी तेव्हा तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती आणि तिला परत तिच्या शहरात सोडायचं होतं. ती म्हणत होती, "बाबा, मी टॅक्सीने जाते. गाडी मधेच बंद पडली तर बाळाला घेऊन कुठे उभी राहू?"

"माझी गाडी असताना टॅक्सी?" मास्तर म्हणाले. "या फेरीत गाडीने जरा जरी त्रास दिला ना, तर परत आल्यावर विकून टाकतो. शब्द देतो."

शब्द दिल्यावर तोड काढणं आलं. मास्तरांची तोड अशी होती: डाव्या पायातली चप्पल काढायची, पाय दुमडून सीटवर घ्यायचा आणि त्यावर बसायचं. अर्धी मांडी घालून महामार्गावर गाडी! एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मास्तरांनी पट्टी मोडेपर्यंत मारलं असतं.

"अहो, हे काय बसणं?" शेजारच्या सीटवरून बाईंनी विचारलं.

"कमरेला बरं असतं."

आणि गाडी निघाली की हो! असा जोर, की चढ कधी आला नि कधी संपला कळलं नाही. मोकळ्या रस्त्याला लागताच मास्तरांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला तो लागलाच. मागे मुलगी म्हणाली, "बाबा, खरंच की! तुम्ही ग्रेट आहात." बाळ झोपलं होतं. मास्तर शीळ घालत होते. एका रिक्षाला तर त्यांनी मुद्दाम बघत बघत मागे टाकलं. माणूस खोटेपणात इतका सुखी कसा होऊ शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्याने त्या वेळी मास्तरांचा चेहरा बघायला हवा होता.

दुमडलेला पाय कधी सीटवरून घसरला, ते त्यांना कळलं नाही. कळणार कसं? तो खाली गेला, आणि या वेळी ब्रेकच्या वर नाही, तर ब्रेकच्या मागे जाऊन अडकला.

पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. लाल झेंडा हलवणारा माणूस होता, डांबराचा रोलर आडवा उभा होता. मास्तरांनी उजव्या पायाने ब्रेक दाबला. क्रूझ सुटला, पण ब्रेक थोडा खाली गेला आणि तिथेच अडला. त्यांनी आणखी जोर लावला, सगळं अंग सीटवरून उचलून जोर लावला. ब्रेक जाईना.

"ब्रेक लागत नाहीये!" ते ओरडले. झेंडेवाला झेंडा टाकून पळाला. मागे मुलीने बाळावर अंग टाकलं.

बाईंनी हात घातला आणि दोन सीटच्या मधला हँडब्रेक ओढला. एकदम खस्सकन नाही. बटण दाबून धरून, थोडा ओढून, थोडा सोडून, पुन्हा ओढून. "न्यूट्रल करा!" त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी मुकाट्याने केलं. गाडी हिसके खात, टायर घासत, रोलरच्या पुढ्यात येऊन थांबली. अंतर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

सगळे जिवंत होते. बाळ जागं झालं आणि भोकाड पसरून रडायला लागलं. ते रडणं ऐकून बाईंनी डोळे मिटून घेतले.

आणि मास्तरांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "असा हँडब्रेक ओढायला तुला कोणी शिकवलं?"

"चौकातल्या मॅडमनी."

चौकातल्या मॅडम म्हणजे मास्तरांचा व्यवसाय खाल्लेल्या, गाडी शिकवणाऱ्या दुसऱ्या बाई. मास्तर त्यांचं नावसुद्धा घेत नसत.

"कधी?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा. लायसन पर्समध्ये आहे. आता उतरा."

मास्तर उतरायला गेले आणि उतरता येईना. काहीतरी पायाला धरून बसलं होतं. बाई पलीकडून फिरून आल्या, दार उघडलं, वाकल्या, आणि त्यांच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. ब्रेकच्या दांड्यामागे अडकलेला तो पाय मास्तरांनी स्वतःच्याच उजव्या पायाने, सगळ्या अंगाचा भार टाकून, चिरडला होता. अंगठ्याचं नख उलटलं होतं. खालची चटई रक्ताने भिजली होती.

बाईंनी दोन्ही हातांनी तो पाय हळूच सोडवला. आपली ओढणी फाडून बांधला. बांधता बांधता त्यांनी वर बघितलं. मास्तर तोंडाने हूं की चूं करत नव्हते, कोणी दुसऱ्याचा पाय बांधतंय तसे बघत होते. बाईंना सगळं समजलं. लाल दिवे, झिजलेले पॅड, चप्पल, कमरेला बरं असलेलं बसणं, सगळं.

"गाडीत काहीच बिघाड नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्हाला माहीत होतं."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. बाईंना त्यांच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी असं वाटलं, आणि त्यांना जवळ घ्यावं असंही वाटलं. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. गाठ घट्ट केली.

तेवढ्यात मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन पुढे आली. तिला रक्त दिसलं. ती गुडघ्यावर बसली आणि तिने तो बांधलेला पाय हातात घेतला, अगदी हलक्या हाताने, दाबला जाऊ नये म्हणून बोटं सावरत.

"बाबा, खूप दुखतंय का हो?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "अजिबात नाही दुखत." आणि भर रस्त्यात, झेंडेवाल्यादेखत, ते ओक्साबोक्शी रडायला लागले.