गेरूचे सोमवार

वहिनी जाऊन तीन महिने झाले. भेटायला येणारे त्यांच्या हातच्या चवीविषयी बोलतात, आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आठवतो, आणि तो वाचवण्यासाठी त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर केलेलं काम.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, नालवाडीत खोली घेऊन राहत होतो. थोरले भाऊ आणि वहिनी अल्लीपूरला शेती करत. त्या उन्हाळ्यात वावर साफ करताना पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडाचा, खुंट वहिनींच्या अंगठ्यात घुसला. त्यांना कळलंच नाही. घरी आल्यावर अंगणात रक्ताचे थेंब पाहून त्याच विचारू लागल्या, "कोणाले लागलं हे?"

पावसाळा लागला तरी जखम ओलीच. मी त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. रक्तात साखर निघाली, बरीच. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो. गोड बंद. जेवण कमी करा, पायाला आराम द्या. दिवाळीपर्यंत जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल."

परतीच्या बसमध्ये वहिनी गाव जवळ आल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या काळ्या मातीत अंगठा रोवल्याबिगर पाय उचलत नाई. तो गेला तर मी वावरात कशी जाऊ?"

घरी साखर कशी तपासायची ते दवाखान्यात शिकवलं होतं. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळी. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा तर जास्त, विटेसारखा लाल झाला तर फारच. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी हे करायचं. वहिनींनी त्यासाठी गोठ्याचा कोपरा धरला.

"आजवर चहा उकळत होती, आता हे," भाऊ म्हणाले. "पाहुण्याले देशील एखाद्या दिवशी."

"पहिले तुमालेच देतो," वहिनी नळीवरची नजर न काढता म्हणाल्या.

मी एक वही आखून दिली होती. वहिनींना लिहिता येत नसे. रोजचा रंग लक्षात ठेवायचा आणि रविवारी मी आलो की मला सांगायचा, असं ठरलं होतं. दुसऱ्याच रविवारी त्या मला गोठ्यात घेऊन गेल्या. चुना दिलेल्या भिंतीवर बोटानं उमटवलेले ठिपके होते, एका आठवड्याची एक आडवी ओळ, रविवारपासून शनिवारपर्यंत. निळा ठिपका कपड्यांच्या निळीचा, हिरवा चुरगाळलेल्या पानांचा, पिवळा हळदीचा, लाल गेरूचा.

"तुमची वही तुमी वाचजा," त्या म्हणाल्या. "हे मी वाचतो."

पण जखम भरेना. गेरूचे ठिपके वाढतच होते. एकदा मी विचारून बसलो, "वहिनी, चोरून गोड तर खात नाही ना?" त्या प्रश्नाची लाज अजून वाटते. त्यांनी गोडाचा कण तोंडात घेतला नव्हता. उलट डॉक्टरांनी जेवण कमी सांगितलं म्हणून सोमवारच्या जुन्या उपासाला गुरुवार आणि शनिवार जोडले होते. गावाला त्याचं कौतुक होतं, मलाही. उपासाच्या दिवशी फक्त फराळ: साबुदाण्याची उसळ, भगर, उकडलेली रताळी. फराळाला जेवण कोण म्हणतं?

गणपती झाल्यानंतरच्या रविवारी मी पोचलो तेव्हा वहिनी हातात काडी घेऊन भिंतीपाशी बसल्या होत्या.

"भाऊजी, आडवं नोका पाहू, उभं पाहा. हा सोमवार, वरपासून खालपर्यंत लाल. गुरुवार लाल. शनिवार लाल. लालचे सारे दिवस साबुदाण्या-रताळ्याचे. भाकर खाल्ली त्या दिवशी हिरवा, लय झालं तर पिवळा. उपासच मले खाऊन राह्यला."

तेच रंग मी दर आठवड्याला वहीत उतरवून घेत होतो. मला ते दिसलं नव्हतं.

गुरुवार-शनिवार त्यांनी तिथल्या तिथे सोडले. सोमवारचं नाव निघालं तेव्हा मात्र त्या उठून आत गेल्या. भाऊ मला अंगणात घेऊन आले. "तो सोमवार तुह्यासाठी हाय. तू दहा वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं पडला होता. ही तवा नवी नवरी. तवापासून धरला तिनं."

मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. आत जाऊन दाराशी उभा राहिलो. वहिनीच म्हणाल्या, "असे काऊन उभे राह्यले? बैलावानी धडधाकट झाले तुमी. महादेवाले काय दिसत नाई?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी थांबलो. वहिनींनी ज्वारीची भाकर थापली, एक आणि वर चतकोर, तेवढीच. सोबत मुगाचं वरण आणि पालेभाजी. देवाकडे पाहून हात जोडले. घास मोडल्यावर तो हातात बराच वेळ राहिला. तेवढ्यात शेजारीण दारात आली.

"काऊन वं बाई, आज सोमवार ना?"

"हो, सोमवारच हाय," वहिनी म्हणाल्या. "बस, भाकर खा." आणि घास तोंडात घातला.

दोन तासांनी नळी हिरवी झाली.

दिवाळीच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दाबून पाहिला. कातडी धरली होती. आता रोज चालायचं, पण पायात बूट हवेतच, असं त्यांनी बजावलं. मी बाजारातून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले. वहिनी लुगड्याखाली ते घालून सकाळी गावच्या रस्त्यानं निघू लागल्या. कापूस फुटला तेव्हा वेचणीलाही बूट घालूनच गेल्या. बांधावर बायांचं हसू आवरेना.

"मास्तरीणबाई, शाळा तिकडं राह्यली!"

वहिनींनी कापूस टाकायची ओटी कमरेला बांधली आणि पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीत उतरल्या. "हसा वं बायाहो," त्या म्हणाल्या. "अंगठा माहा हाय."